रँक कुठली आणि हुकूम कुणाचा: घरात पहिल्यांदाच कुणीतरी फौजी झालाय त्यांच्यासाठी

आमच्या पट्ट्यात, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडं, सुट्टीवर आलेला कुठलाही फौजी 'मेजर' असतो. कालपरवा ट्रेनिंग संपवलेलं वीस वर्षाचं पोरगं काळी ट्रंक घेऊन सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या बसस्टँडवर, उतरलं की चहावाला "या मेजर" म्हणतोय, रिटायर होऊन शेती बघणारा आजोबा पण मेजर, आणि त्या आजोबाच्या बायकोला अख्खी गल्ली मेजरीणबाई म्हणते. त्यात मान आहे, प्रेम आहे, वाईट काहीच नाही. पण हाच शब्द अर्जावर गेला की घोळ होतो.

मी कॅम्पाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसतो. अर्ध्याहून जास्त गिऱ्हाईक फौजींच्या घरचं, कुणाला पेन्शनचा अर्ज, कुणाला नावातली दुरुस्ती, कुणाला मुलाच्या अ‍ॅडमिशनसाठी दाखला. सुरुवातीला खानापूर साइडच्या एका मावशींचा अर्ज टाइप केला. मावशी म्हणाल्या "मालक मेजर होते", मी सरळ 'कै. मेजर' असं टाकलं आणि दिलं पाठवून. दोन महिन्यांनी कागद परत, नावावर असा मेजर कुणी नाहीच. ते होते हवालदार. मावशी परत दोन बस बदलून आल्या, माझ्यावर एक शब्द चिडल्या नाहीत, उलट पिशवीतनं काजू काढून दिले, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटली. घरी जाऊन बाबांना सांगितलं. बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतनं सुभेदार मेजर म्हणून रिटायर. ते एवढंच म्हणाले, "नंबर, रँक, नाव. या ऑर्डरनं विचारायचं. नाव सगळ्यात शेवटी."

तेव्हापासून जे शिकलो ते लिहितोय. पोरगं नुकतंच सेंटरला, म्हणजे रेजिमेंटच्या ट्रेनिंगला, लागलंय, किंवा फौजीच्या घरात नवीन लग्न होऊन आलाय, किंवा कॅम्पाच्या बाजूला राहताय आणि कोण साहेब कोण जवान कळत नाही, तर हे तुमच्यासाठी.

पायरी १. आधी बाही बघा, मग खांदा

बाहीवर काही नाही म्हणजे शिपाई. इंग्रजी व्ही सारखी एक फीत म्हणजे लान्स नाईक, दोन फिती नाईक, तीन फिती हवालदार. आमच्याकडं "त्याला दुसरी फीत लागली" असंच म्हणतात, प्रमोशन हा शब्द कुणी वापरत नाही. २०२२ पासून भरती झालेली पोरं आधी अग्निवीर असतात, ती रँकच वेगळी धरलेली आहे, चार वर्षांची नोकरी आणि त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंतच पुढं कायम होतात, म्हणून अर्जावर अग्निवीरला शिपाई लिहू नका, अग्निवीरच लिहा.

फिती संपल्या की खांद्यावर स्टार सुरू होतात आणि इथंच नवखा माणूस हमखास फसतो. एक स्टार आणि शेजारी रंगीत पट्टी म्हणजे नायब सुभेदार, दोन स्टार आणि पट्टी म्हणजे सुभेदार, अशोकस्तंभाचे सिंह आणि पट्टी म्हणजे सुभेदार मेजर. या तिघांना मिळून जेसीओ, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, म्हणतात. आता तीच पट्टी काढून टाका: नुसते दोन स्टार म्हणजे लेफ्टनंट, तीन म्हणजे कॅप्टन, नुसते सिंह म्हणजे मेजर. म्हणजे मेजर आणि सुभेदार मेजर यांच्यात लांबनं बघणाऱ्याला फक्त त्या बोटभर पट्टीचा फरक दिसतो, आणि प्रत्यक्षात दोघं फौजेतल्या दोन वेगळ्या जिन्यांवर उभे असतात. सुभेदार मेजर हा शिपाई म्हणून भरती होऊन पंचवीसतीस वर्षं घासून तिथं पोचलेला माणूस, आणि मेजर हा थेट ऑफिसर म्हणून अकॅडमीतनं आलेला आणि साधारण सहा वर्षांच्या नोकरीनंतर झालेला. कंपनीत आणखी एक असतो सीएचएम, कंपनी हवालदार मेजर, तो तर तीन फितींचा हवालदारच, फक्त कंपनीच्या शिस्तीचं काम त्याच्याकडं. एका 'मेजर' शब्दात हे तिघं बसलेत, मग माझ्यासारख्याचा अर्ज परत येणार नाही तर काय होणार.

मेजरच्या वर सिंह आणि एक स्टार लेफ्टनंट कर्नल, सिंह आणि दोन स्टार कर्नल, सिंह आणि तीन स्टार ब्रिगेडियर. त्याच्या वर आडवी तलवार आणि बॅटन दिसली की जनरल लोक आले: मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल आणि सगळ्यात वर जनरल. जाता जाता, मेजर हा लेफ्टनंटपेक्षा मोठा पण मेजर जनरल हा लेफ्टनंट जनरलपेक्षा छोटा, हे उलटं का असं मला विचारू नका, पाठ करा. गाडीच्या पुढच्या प्लेटवर स्टार असतील तर ते ब्रिगेडियरपासून, एक स्टार ब्रिगेडियर, चार स्टार जनरल. फील्ड मार्शल आर्मीत आजवर दोनच झाले, माणेकशॉ १९७३ ला आणि करिअप्पा १९८६ ला, करिअप्पा तर आपल्याच राज्यातले, कोडगूचे.

मुलगा मराठात नसून दुसरीकडं गेला असेल तर नावं बदलतात पण जिना तोच. तोफखान्यात शिपायाला गनर, इंजिनिअर्सना सॅपर, सिग्नलला सिग्नलमन, रणगाड्यांकडं हवालदाराला दफादार आणि सुभेदाराला रिसालदार. सांब्र्याला एअरफोर्सचं ट्रेनिंग स्कूल आहे, तिथली पोरं कॉर्पोरल झाली म्हणजे नाईक धरा, सार्जंट म्हणजे हवालदार. आणि कारवारला नेव्हीतला पाहुणा कुणी 'कॅप्टन' असेल तर त्याला आर्मीच्या कॅप्टनशी तोलू नका, नेव्हीचा कॅप्टन म्हणजे आर्मीचा कर्नल. लग्नाच्या बैठकीत यावरनं एकदा चांगलीच गंमत झालेली मी बघितलीय, मुलीकडच्यांना वाटलं पन्नाशीला आलेले मुलाचे काका अजून कॅप्टनच कसे.

ऑनररी हा प्रकार पण लक्षात ठेवा. चांगली नोकरी केलेल्या जेसीओंना २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला ऑनररी लेफ्टनंट, ऑनररी कॅप्टन अशी रँक मिळते. आमच्या बाजूच्या गावात असे ऑनररी कॅप्टन दोघं आहेत. त्यांच्या अर्जावर 'ऑनररी' शब्द गाळायचा नाही आणि बोलताना तो उच्चारायचा नाही, एवढं केलं की कागद पण बरोबर आणि माणूस पण खूश. रँक रिटायरमेंटनंतर नावापुढं लावता येते, त्याला कायद्याची आडकाठी नाही. राज्यघटनेच्या १८ व्या कलमानं सरकारनं पदव्या देण्यावर बंदी घातली, रावबहादूर वगैरे सगळे बंद झाले, पण लष्करी आणि शिक्षणाच्या पदव्या त्यातनं वगळल्यात.

पायरी २. रँक विचारून झाली की 'अपॉइंटमेंट' विचारा

हे ज्याला कळलं त्याला निम्मी फौज कळली. रँक माणसाच्या अंगावर असते, ती त्याच्याबरोबर बदलीला जाते, सुट्टीला घरी येते, रिटायर झाल्यावर पाटीवर लागते. अपॉइंटमेंट खुर्चीची असते, खुर्ची सुटली की गेली. आणि हुकूम निघतो तो खुर्चीतनं.

पलटणीत, म्हणजे बटालियनमध्ये, साधारण आठशे माणूस. त्याचा सीओ म्हणजे कमांडिंग ऑफिसर, तो कर्नल. त्याच्या खाली टूआयसी, म्हणजे सेकंड इन कमांड, मग कंपन्या, एकेका कंपनीत शंभरावर माणूस आणि वर मेजर किंवा लेफ्टनंट कर्नल. कंपनीत प्लाटून, तीसेक माणसांची, तिथं एखादा कोवळा लेफ्टनंट नाहीतर सुभेदार. प्लाटूनमध्ये सेक्शन, दहा माणसं, तिथं हवालदार नाहीतर नाईक. तुमचा मुलगा या दहांपैकी एक आहे, आणि त्याला रोजचा हुकूम त्या सेक्शन कमांडरकडनंच येतो, कर्नल त्याला महिन्यातनं एकदा दरबारात, म्हणजे पलटणीच्या बैठकीत, दिसत असेल.

आता बघा गंमत. दुसऱ्या युनिटचा कर्नल समोरनं आला तर पोरगं कडक सॅल्यूट मारणार, तो वडीलधारा आहेच. पण त्या कर्नलनं "उद्यापासून तू माझ्या ऑफिसला ये" म्हटलं तर असं होत नाही, त्याला पोराच्या सीओकडनं कागद घ्यावा लागतो. रँक मोठी आहे, कमांड नाही. तसंच एखाद्याला कर्नलची रँक २६ वर्षं नोकरी झाली म्हणून मिळालेली असते, त्याला टाइम स्केल म्हणतात, खांद्यावर तेच दोन स्टार आणि सिंह, पण पलटण हातात असतेच असं नाही.

नाव ऐकून फसायच्या जागा तर किती. सेंटरचा 'कमांडंट' ही खुर्ची आहे, त्यावर बसलेले साहेब ब्रिगेडियर असतात. 'कर्नल ऑफ द रेजिमेंट' म्हटलं की लोकांना वाटतं कर्नल, ते बहुतेक वेळा लेफ्टनंट जनरल असतात, अख्ख्या रेजिमेंटचे घरचे वडील म्हणा, रोजचे हुकूम देणं त्यांचं काम नाही. अ‍ॅडज्युटंट हा वयानं तरुण, कॅप्टन किंवा मेजर, पण त्याच्या सहीनं कागद आला की तो सीओचा शब्द समजायचा.

आणि एक, जे बाबांकडनं ऐकलंय. ते सुभेदार असताना नवा लेफ्टनंट आला, बावीस वर्षांचा, मिसरूड पण नीट नाही. बाबांची तेव्हा बावीस वर्षं नोकरीच झालेली, म्हणजे त्या पोराच्या वयाएवढी. सगळ्यांसमोर बाबा त्याला "जी साहब" आणि सॅल्यूट, आणि रात्री तो बाबांच्या टेंटमध्ये येऊन हळू आवाजात "साब, उद्याची पेट्रोल कुठनं न्यावी?" मग बाबा नकाशावर बोट ठेवून सांगणार, आणि सकाळी तेच तो सगळ्यांसमोर हुकूम म्हणून देणार. मी विचारलं, मग हुकूम तुमचाच झाला की. बाबा म्हणाले, "नाही गा. चुकलं असतं तर उत्तर त्याला द्यावं लागलं असतं, मला नाही. ज्यानं उत्तर द्यायचं त्याचा हुकूम."

सॅल्यूट पण माणसाला नसतो, राष्ट्रपतींनी दिलेल्या कमिशनला, म्हणजे ऑफिसर म्हणून केलेल्या नेमणुकीला, असतो, असं फौजेत शिकवतात. म्हणून वयानं बाप शोभेल असा माणूस पोरासोरांना सॅल्यूट मारतो तेव्हा कॅम्पात बघणाऱ्या नव्या लोकांना जे कसंतरी वाटतं ते वाटून घेऊ नका, त्याला स्वतःला तसं काही वाटत नाही.

हुकूम न मानण्याचं काय? आर्मी अ‍ॅक्ट १९५० चं ४१ वं कलम त्यासाठी आहे. वरिष्ठाचा कायदेशीर हुकूम मोडला तर साध्या काळात ५ वर्षांपर्यंत आणि अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यातला 'कायदेशीर' हा शब्द महत्त्वाचा. साहेबाच्या घरचं भांडं घास हा कसला हुकूम यावर घरोघरी चर्चा होते, ती मी इथं करत नाही.

पायरी ३. वर्दी कुठल्या खात्याची

हिरवी नाहीतर चट्ट्यापट्ट्याची वर्दी दिसली की आपल्याकडं सगळे 'मिलिटरी'. तसं नाही. आर्मी, नेव्ही, एअरफोर्स या संरक्षण मंत्रालयाकडं. खानापूर तालुक्यात तोराळीला कोब्रा कमांडोंचं ट्रेनिंग आहे ते सीआरपीएफचं, हालभावीला आयटीबीपी आहे, हे दोन्ही केंद्राच्या गृह मंत्रालयाकडं, यांचा आणि मराठा सेंटरचा मालक वेगळा. एक नोव्हेंबरला, राज्योत्सवाच्या दिवशी, नाहीतर विधानसभेच्या अधिवेशनाला शहरात बंदोबस्त लागतो त्यात हेल्मेट आणि ढाली घेतलेले असतात ते बहुतेक केएसआरपी, म्हणजे कर्नाटक सरकारचे पोलीस, त्यांच्या खांद्यावरची अक्षरं वाचा की कळतं. निळे चट्टेपट्टे दिसले तर आरएएफ, म्हणजे रॅपिड अ‍ॅक्शन फोर्स, ते परत सीआरपीएफचेच.

यांच्यातला सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे 'कमांडंट'. आर्मीत ती खुर्ची, आत्ताच सांगितलं. सीआरपीएफ, आयटीबीपीत ती रँक आहे: असिस्टंट कमांडंट, डेप्युटी कमांडंट, सेकंड इन कमांड, कमांडंट असा जिनाच आहे. आर्मीतला टूआयसी ही खुर्ची आणि तिकडं सेकंड इन कमांड ही रँक. पोलीस एसपींच्या खांद्यावर पण सिंह आणि एक स्टार असतो, अगदी लेफ्टनंट कर्नलसारखा. सारखं दिसतंय म्हणून एकमेकांना हुकूम देता येत नाही. अर्ज लिहिताना खातं चुकलं तर रँक बरोबर असून उपयोग नाही, हे पण मी चुकूनच शिकलो, पण ती गोष्ट राहू दे.

पायरी ४. जनरलच्या वर कोण

दुकानात पोरं वाद घालत बसतात, त्यात हा प्रश्न कायम. उत्तर असं की वर वर्दीतलं कुणीच नाही.

घटनेच्या ५३ व्या कलमात लिहिलंय की संरक्षण दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडं, आणि ते कायद्यानं चालवायचं. ७४ वं कलम सांगतं की राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वागायचं. आणि मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार. म्हणजे धागा ओढत गेलात तर सेक्शन कमांडरपासून निघून सीओ, ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, पुण्याची सदर्न कमांड, दिल्लीतले आर्मी चीफ, संरक्षण मंत्री, पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची सुरक्षाविषयक कॅबिनेट समिती, संसद, आणि तिथनं परत आपल्याच गावातल्या शाळेतल्या मतदानाच्या खोलीत येऊन पोचता. बाबांनी नोकरीत असताना पोस्टल मतदान केलं तेव्हा त्यांच्या डोक्यात हे नसणार, मी विचारलं पण नाही.

इंग्रजांच्या वेळी असं नव्हतं. कमांडर इन चीफ हा व्हाइसरॉयच्या खालोखाल बडा माणूस. स्वातंत्र्यानंतर दिल्लीतला त्याचा बंगला, तीन मूर्ती, नेहरूंचं घर झाला, आणि १९५५ साली कमांडर इन चीफ हे नावच काढून टाकून 'चीफ ऑफ आर्मी स्टाफ' केलं. नावातला बदल छोटा वाटतो, पण कमांड शब्द गेला आणि स्टाफ शब्द आला, बघा.

आपल्या मराठी माणसाला याचं उदाहरण बाहेर शोधायला नको. १९६२ च्या चीनच्या युद्धात मार खाल्ल्यावर नेहरूंनी मुंबईहून यशवंतराव चव्हाणांना बोलावून संरक्षण मंत्री केलं, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं लोक म्हणाले, ते अजून म्हणतात. कऱ्हाडकडचा वकील माणूस, वर्दी कधी घातली नाही, आणि १९६५ च्या पाकिस्तानच्या युद्धात तिन्ही दलांचे चीफ त्यांना रिपोर्ट करत होते. पुढं शरद पवार झाले, २०१४ ला शेजारच्या गोव्यातले पर्रीकर झाले, इंजिनिअर माणूस. कुठली फीत, कुठला स्टार?

हे फक्त कागदावरचं आहे असं वाटत असेल तर ३० डिसेंबर १९९८. नेव्हीचे चीफ अ‍ॅडमिरल विष्णू भागवत, चार स्टारचा माणूस, त्यांना सरकारनं पदावरनं काढलं. सरकारनं डेप्युटी चीफ म्हणून एका अधिकाऱ्याची नेमणूक केली होती आणि ती भागवतांनी अमलात आणायला नकार दिला, वाद तिथं पेटला. संरक्षण मंत्री होते जॉर्ज फर्नांडिस, मूळचे मंगळूरचे, जन्म गेला कामगार चळवळीत. कोण बरोबर कोण चूक यावर तेव्हा खूप भांडणं झाली आणि माझं मत असं की दोन्हीकडनं ते जास्त शहाणपणानं हाताळता आलं असतं, पण एक सही झाली आणि चीफ घरी गेले, बंदरावरचं एक जहाज सुद्धा हललं नाही. आपल्या शेजारच्या सगळ्याच देशांत हे असं शांतपणे होतंच असं नाही.

सीडीएस कुठं बसतात हे पण विचारतात. १ जानेवारी २०२० ला जनरल बिपिन रावत पहिले चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ झाले. ते पण चार स्टारचेच, तिन्ही चीफसारखे. सरकारला तिन्ही दलांच्या बाबतीत सल्ला देणं आणि मंत्रालयातलं एक खातं सांभाळणं हे काम. तिन्ही चीफवर त्यांना लष्करी कमांड नाही असं सरकारनं तेव्हाच स्पष्ट केलेलं, म्हणजे परत तेच, पायरी २.

अणुबॉम्बचं बटण कुणाकडं? न्यूक्लिअर कमांड अथॉरिटीची पॉलिटिकल कौन्सिल, अध्यक्ष पंतप्रधान. जनरलकडं नाही.

पायरी ५. आपल्या जिल्ह्यात हे कसं चालतं

इथं साधी गोष्ट: कॅम्पाबाहेर तुम्हाआम्हाला आर्मीचा ब्रिगेडियर सुद्धा हुकूम देऊ शकत नाही. मिलिटरीच्या गेटवर, रेंजवर, त्यांच्या जागेत त्यांचे नियम पाळायचे, संत्री थांब म्हणाला की थांबायचं, तिथं शहाणपणा नको. पण बाजारात, शेतात, तुमच्या दारात हुकूम चालतो तो तहसीलदाराचा, पोलिसांचा आणि डीसींचा. (कोल्हापूरकडचे पाहुणे कलेक्टर म्हणतात, आपल्याकडं डीसी, खुर्ची एकच.)

उलटं मात्र होतं, डीसी आर्मीला बोलावू शकतात. दंगल पोलिसांना आवरली नाही तर जिल्हा मॅजिस्ट्रेट म्हणजे डीसी, किंवा त्यांनी नेमलेला एक्झिक्युटिव्ह मॅजिस्ट्रेट, आर्मीच्या अधिकाऱ्याला जमाव पांगवायला सांगू शकतो. पूर्वी हे सीआरपीसीच्या १३० व्या कलमात होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १४९ वं कलम. तिथली वाटणी मला फार आवडते: 'करा' हे मॅजिस्ट्रेट सांगणार, 'कसं' हे आर्मीचा अधिकारी ठरवणार, आणि कमीत कमी बळ वापरायचं हे कायदा दोघांना सांगणार. मॅजिस्ट्रेट अधिकाऱ्याच्या जवानाला थेट "तू तिकडं जा" म्हणू शकत नाही. मॅजिस्ट्रेटशी संपर्कच होत नसेल आणि धोका उघड असेल तरच अधिकारी स्वतः पाऊल उचलू शकतो, आणि संपर्क झाला की परत त्यांचं ऐकायचं.

दंगल सोडा, आपण हे बघितलंय ते पुरात. ऑगस्ट २०१९ ला निपाणीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलेलं, तिकडं गोकाक, चिकोडी, रायबाग सगळं पाण्यात, आर्मी आली, एनडीआरएफ आली. तेव्हा लोकांना वाटलं आता सगळं मिलिटरीच्या हातात गेलं. तसं कधीच नसतं. आपत्तीच्या कायद्यानं जिल्ह्याच्या समितीचे अध्यक्ष डीसीच. कुठल्या गावाला आधी बोट पाठवायची ते डीसी ऑफिसातनं येणार, बोटीत कोण बसणार, दोर कुठं बांधणार, ओढ जास्त आहे म्हणून थांबायचं का, ते त्या तुकडीचा अधिकारी ठरवणार. म्हणून तुमच्या गावात असा प्रसंग आला तर जवानांशी हुज्जत घालू नका की आधी आमच्या गल्लीत या, त्यांच्या हातात ते नाही, तलाठी नाहीतर तहसीलदाराला गाठा.

कॅन्टोन्मेंट बोर्डाचं प्रकरण अजून निराळं. २००६ च्या कायद्याप्रमाणे बोर्डाचे अध्यक्ष स्टेशन कमांडर, म्हणजे वर्दीतले, उपाध्यक्ष निवडून आलेल्या मेंबरांतनं, आणि रोजचा कारभार बघणारे सीईओ हे सिव्हिलियन अधिकारी. नळाचं पाणी, घरपट्टी, बांधकामाची परवानगी यासाठी ब्रिगेडियरांना भेटायला जाऊ नका, सीईओंच्या ऑफिसात जा.

पायरी ६. कागद

यावर मी सगळ्यात जास्त लिहू शकतो पण थोडक्यात आवरतो. घरात एक वही करा, पहिल्या पानावर फौजीचा नंबर, रँक, नाव, याच ऑर्डरनं, खाली युनिट आणि ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (आर्मीच्या पोस्टाचा पत्ता) जे असेल ते. नंबरच्या आधी जेसी असेल तर तो जेसीओ, आयसी असेल तर ऑफिसर, तेवढ्यावरनंच रेकॉर्डवाल्याला कळतं. रँक बदलली की तारखेसकट वहीत लिहा. हे पान व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकायचं नाही, फोटोत युनिटची पाटी दिसत असेल तर तो पण नाही.

जो नोकरीत आहे त्याच्या घरची अडचण, शेतीचा वाद, आजारपण, सुट्टी मिळत नाही, पैसे येत नाहीत, यासाठी पत्र सीओंच्या नावानं लिहा, 'प्रति, कमांडिंग ऑफिसर', माणसाचं नाव नको कारण खुर्ची बदलत असते. थेट संरक्षण मंत्र्यांना लिहून काही होत नाही असं नाही, पण तो कागद पायऱ्या उतरत उतरत शेवटी त्याच सीओंच्या टेबलावर येतो, फक्त तीन महिने उशिरा आणि थोडा रागावून. बायकोनं किंवा आईनं लिहिलेलं मराठी पत्र चालतं, मराठा पलटणीत वाचणारे आहेतच. जवानाला स्वतःवर अन्याय झालाय असं वाटलं तर आर्मी अ‍ॅक्टचं २६ वं कलम आहे, आधी आपल्या अधिकाऱ्याकडं, तक्रार त्याच्याविरुद्धच असेल तर त्याच्या वरच्याकडं. त्याही पुढं आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, आपल्याला कोचीचं.

रिटायर झालेल्यांचं वेगळं. मराठावाल्यांचं रेकॉर्ड ऑफिस इथंच बेळगावात, त्यामुळं आपण नशीबवान, कोकणातली, मराठवाड्यातली माणसं रात्रभर प्रवास करून येतात. पण तोफखाना, सिग्नल, एएससी म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरवाल्यांचे रेकॉर्ड वेगवेगळ्या गावांना, त्यांनी मराठाच्या गेटवर उभं राहून उपयोग नाही. राज्य सरकारच्या सवलती असतील तर सैनिक कल्याण खात्याचं जिल्ह्याचं ऑफिस. आणि इथं आपली सीमाभागाची नेहमीची भानगड: नोकरी मराठा रेजिमेंटमध्ये, भाषा मराठी, पण रहिवासी दाखला कर्नाटकाचा, म्हणून योजना कर्नाटकाच्या लागू. निपाणीचा माजी सैनिक आणि कागलचा माजी सैनिक एकाच कंपनीत एकाच लंगरात जेवले असतील, रिटायर झाल्यावर एकाचा अर्ज कन्नडमध्ये आणि एकाचा मराठीत.

फोनवरचे मेजर

शेवटचं, हे गेल्या वर्षीचं. आमच्या घराची वरची खोली गणेशपूर साइडला, भाड्यानं द्यायची म्हणून जाहिरात टाकली होती. एकाचा फोन आला, हिंदीत, एकदम कडक आवाज, "मैं आर्मी से बोल रहा हूँ, पोस्टिंग बेलगाम हुआ है, अ‍ॅडव्हान्स अभी भेजता हूँ, आप पहले एक रुपया भेजिए, हमारे अकाउंट का सिस्टम ऐसा है." व्हॉट्सअ‍ॅपवर वर्दीतला फोटो, ओळखपत्राचा फोटो, कॅन्टीन कार्ड, सगळं पाठवलं. आईला एकदम भारी वाटलं, फौजी भाडेकरू म्हणजे काही बघायलाच नको. मी पण अर्धा तयार.

बाबा पेपर वाचत बसलेले, म्हणाले स्पीकरवर टाक. आणि विचारलं, "साब, रँक क्या है आपका?"

तिकडनं उत्तर आलं, "मेजर सूबेदार."

बाबांनी पेपर खाली पण ठेवला नाही. "मेजर सुभेदार नसतंय गा, सुभेदार मेजर असतंय," असं मराठीतच म्हणाले, आणि मला खुणेनं सांगितलं, कट कर.